दोन माणसांचं जहाज

मी एका जहाजाची बारा वर्षं वाट पाहिली. ते जहाज खरं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आमच्या गल्लीतल्या काकूंसारखं तुम्हीही विचाराल की ते लागणार कुठल्या बंदराला. जबलपूरला नर्मदा आहे, समुद्र नाही, आणि माझं जहाज पाण्यावर चालणारं नव्हतंच. ते व्हिडिओ गेममधलं, अंतराळात उडणारं जहाज होतं.

परदेशातल्या काही मंडळींनी जाहीर केलं होतं की आम्हाला असा असा मोठा गेम करायचा आहे, जवळ पैसे नाहीत, ज्यांना हवा असेल त्यांनी आत्ताच द्या, झाला की पोचवू. दोनेक वर्षांत होईल, असंही लिहिलं होतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि शाळेतल्या मुलींच्या शिकवण्या घ्यायचे. त्या पैशातून मी त्यांच्या यादीतलं सगळ्यात लहान जहाज घेतलं. दोन माणसांचं. एकानं पुढे बसून चालवायचं, दुसऱ्यानं मागे बसून रस्ता सांगायचा.

आईला कळलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. "बनलंच नाही, त्याचे पैसे देऊन आली? बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. इंजिनिअर झाली म्हणे."

बाबांनी मात्र कंपनीकडून आलेला जहाजाचा नकाशा माझ्या हातून घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि विचारलं, "स्केल काय आहे?"

माझे बाबा इथल्या एका फॅक्टरीत तपासनीस होते. आजोबा नागपूरकडून कामासाठी आले ते इथलेच झाले, आणि बाबा त्याच फॅक्टरीत लागले. मोठ्या गाड्यांचे सुटे भाग बनायचे, त्यातला एक लहानसा भाग बाबांच्या टेबलावर यायचा. त्यांच्याकडे भोक मापायचं, दोन तोंडांचं एक गेज होतं. एक तोंड भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. दोन्ही बरोबर, तर शिक्का. नाहीतर तुकडा परत. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. पण ते तुकडे ज्यात बसायचे ती अख्खी गाडी चालवणं दूरच, तिच्यात ते कधी बसलेसुद्धा नव्हते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, नकाशा बघता बघता, आणि लगेच विचारलं, "चालवू देशील का मला? तू माघं बस. तुला रस्ते समजतात."

मी म्हटलं, "चालेल." मला वाटलं, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे.

बाबांनी तयारी सुरू केली. भंगारवाल्या कबाड्याकडून एका जुन्या बसच्या ड्रायव्हरची सीट आणली, उंच पाठीची. लोखंडी पट्ट्या कापून, वेल्ड करून तिला पाय लावले. उजव्या हाताशी जॉयस्टिक ठेवायला एक पत्रा बसवला, त्यासाठी माझा कोपर ते मनगट आणि स्वतःचा कोपर ते मनगट मापून मधलं माप काढलं. बडा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन गडद निळं कापड आणलं आणि आईकडून खोळ शिवून घेतली. तीन महिन्यांत खुर्ची तयार. मग त्यांनी जाहीर केलं की जहाज पास होऊन येईपर्यंत आपण स्वतः त्या खुर्चीत बसणार नाही.

तसे ते बसलेच नाहीत. बाकी सगळं जग बसलं. पाहुणे बसले, गॅसवाला भैया बसला, आईनं तिच्या पाठीवर ओले टॉवेल वाळत घातले आणि उन्हाळ्यात ती गच्चीच्या दारात ओढून तिच्यावर पापडाची ताटं ठेवली. चेरीतालच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत बाबा कायम समोरच्या दिवाणावर बसायचे आणि खुर्चीकडे बघायचे.

कंपनी दर महिन्याला एक लांबलचक पत्र पाठवायची, या महिन्यात काय केलं आणि काय राहिलं त्याचं. दर रविवारी सकाळी वंदना झाली, पोहे झाले की मी ते पत्र थोडं थोडं मराठीत वाचून दाखवायचे. बाबांनी फॅक्टरीतली उरलेली एक जाड वही काढली होती. डाव्या पानावर कंपनीनं काय कबूल केलं ते, उजव्या पानावर काय झालं ते. उजवी पानं बहुतेक कोरीच असायची.

एकदा मी वाचलं की या महिन्यात त्यांनी वैमानिकांचे केस नीट केले, वाऱ्यानं उडतील असे.

"केस?" आई आतून ओरडली. "जहाज सोडून केस करून राहिले?"

"हेल्मेट घालतील नं ते," बाबा गंभीरपणे म्हणाले, "मग केस काहून?" आणि त्यांनी वहीत केसांपुढे प्रश्नचिन्ह काढलं.

पण ते चिडायचे नाहीत. मी चिडायचे. दोनाची चार वर्षं झाली, चाराची सहा. इंटरनेटवर लोक त्या कंपनीला चोर म्हणायला लागले होते, आणि मीही एका रविवारी म्हटलं की फसवलं आपल्याला. बाबा म्हणाले, "फसवणारा माणूस कारण लिहीत नाही. हे दर महिन्याला कारण लिहितात. घाईत पास केलेला तुकडा, बेटा, पुढं रस्त्यावर कोणाला तरी मारतो. होऊ दे उशीर." मला त्या कंपनीचा राग यायचा आणि बाबांच्या या समजूतदारपणाचा त्याहून जास्त.

मध्येच एक दिवस कंपनीनं अर्धवट झालेला गेम सगळ्यांना उघडून दिला. पूर्ण नाही, पण आपापल्या जहाजात बसून उडता येत होतं. मी हरखून तो उतरवून घेतला, आणि आठवडाभरानं बाबांना संगणकासमोर उभं केलं. दिवाणावरून उठले, खुर्चीत नाही बसले, उभेच राहिले. पडद्यावर माझा वैमानिक जहाजात चढला आणि बसला, तर त्याच्या मांड्या सीटमधून आरपार खाली. मी दार बंद केलं, तर त्याचा हात दारातून बाहेर. जहाज सुरू केलं, तर ते वर जायच्या ऐवजी उड्डाणतळाच्या फरशीतून खाली पडलं आणि पडतच राहिलं.

"रीवर्क," बाबा म्हणाले, फॅक्टरीत तुकडा दुरुस्तीला परत धाडताना म्हणायचे तसं. "पास झाल्यावर सांग. नापास गाडीत मी बसत नाही. अन् तूही बसू नको."

आता कुणीही म्हणेल की हा गेम आहे, त्यात पडून कोण मरतं! माझ्या मैत्रिणी हेच म्हणाल्या. जगभरातले लाखो लोक त्या अर्धवट जहाजांतून आनंदानं हिंडत होते, पडत होते, हसत होते, आणि जबलपुरात एक बाप-लेक हातात जहाज असून, तयार खुर्ची असून, केवळ शिक्का नाही म्हणून बसून होते. मी बाबांच्या नकळत एकटीनं खेळू शकले असते. खेळले नाही. बाबांचा धाक होता असं मी सांगायचे, पण ते खरं नाही. मला तो रविवार हवा होता. जहाज आलं असतं तर पत्रं थांबली असती.

वर्षं गेली. मी नोकरी धरली, एका शाळेत गणित शिकवायला लागले. बाबा निवृत्त झाले. माझं लग्नही लांबलं आणि जहाजही. आई दोन्हींबद्दल एकाच दमात विचारायची, आणि दोन्हींना मिळून एकच म्हण वापरायची, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी तिला सांगितलं की माझं नाक चांगलं आहे, जहाजाचंही.

मग बाबा वस्तूंना धडकायला लागले. आधी चहाचा कप, डाव्या हाताशी ठेवलेला. मग दाराची चौकट. आम्ही हसलो, म्हातारे झालात म्हटलं, ते स्वतःही हसले. एक दिवस बडा फुहाऱ्याला डावीकडून आलेली हातगाडी त्यांना दिसलीच नाही. स्कूटरसकट पडले. फार लागलं नाही, पण दुकानदारानं त्यांना उठवून बसवलं आणि मला फोन केला, "दीदी, बाबूजी को अकेले मत भेजा करो." दीक्षितपुऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला लवकर कळत नाही. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली किती टिकेल ते सांगता येत नव्हतं. रोज थेंब घालायचे आणि वाट पाहायची.

बाहेर आल्यावर बाबा रिक्षात म्हणाले, "तीस वर्षं बारीक भोकातून पाह्यलं. आता भोकच राहिलं." मला रडू आलं. त्यांनी माझा हात धरला आणि रिक्षावाल्याला उगाच रस्ता सांगत बसले.

त्या महिन्याचं पत्र मी वाचलं तेव्हा त्यात पुन्हा उशीर होता आणि तारीख नव्हती. आई दळण निवडत होती. सवयीनं बोलून गेली, "वाट पाहून पाहून डोळे गेले बाप्पा या जहाजाची." मग तिच्या लक्षात आलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि उठून आत गेली. बाबांनी वही मिटली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली.

मी त्याच दिवशी भांडले. म्हटलं, "बाबा, पुरे आता. अर्धवट तर अर्धवट. गेम आता खूप सुधारलाय. चला, बसा. उद्या तुम्हाला..."

"उद्या मला दिसणार नाही," बाबांनी वाक्य पुरं केलं. "म्हणून आज नापास तुकडा पास करू? माझ्या डोळ्यांसाठी नियम बदलू? हे काम असं नसतं, बेटा."

"तुमचे नियम धरून बसा मग! एक शिक्का मारायला मिळावा म्हणून आयुष्य घालवलंत. गाडीत तेव्हाही बसला नाहीत अन् आताही बसणार नाही."

हे मी म्हणाले. माझी जीभ आईवर गेली आहे, असं बाबा नेहमी म्हणतात, पण आई एवढं कधीच बोलली नसती. दोन रविवार मी पत्राचं नाव काढलं नाही आणि बाबांनी मागितलं नाही.

तिसऱ्या रविवारी सकाळी आईनं खोली झाडली. थेंब घालायची वेळ झाली होती. दिवाणावर बाबांची मान नीट मागे टेकायची नाही, अर्धं औषध गालावर जायचं. आई वैतागली. "ती उंच पाठीची खुर्ची काय पुजायला ठेवली आहे? बसा तिथं. एक मिनिट बसल्यानं तुमचं जहाज बाटत नाही." तिनं त्यांना दंडाला धरून उठवलं आणि बसवलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

बाबा बसले आणि खुर्ची डुगडुगली. पुढच्या डाव्या पायावर टकटक वाजली.

बाबा एकदम ताठ झाले. दोन्ही हातांनी सीट धरून त्यांनी पुन्हा वजन टाकलं. पुन्हा टक. "ही डुगडुगून राहिली," ते म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "एक पाय आखूड आहे."

"हो नं," आई म्हणाली, थेंबाची बाटली उघडत. "पहिल्या दिवसापासून आहे. मी पुठ्ठा लावते त्याच्या खाली. आज झाडायला काढला, तो तिकडं पडला असेल. मान वर करा."

"पहिल्या दिवसापासून? सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय केलं असतं तुम्ही? तोडली असती अन् पुन्हा बनवली असती. बारा वर्षं सगळे बसले. कोणी पडलं? डुगडुगते, पण बसता येते नं. डोळा उघडा."

तिनं दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. बाबा डोळे मिटून, मान टेकून तसेच बसून राहिले. मी केरातून पुठ्ठा शोधला. एका चहाच्या पुड्याचा होता, चौघडी करून दाबून दाबून चपटा झालेला, कडा काळ्या पडलेल्या. मी वाकून तो पायाखाली सरकवला. खुर्ची स्थिर झाली.

"मी पास केली होती," बाबा डोळे न उघडता म्हणाले. मला वाटलं ते दुखावले आहेत. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि मला कळलं की ते हसत आहेत. हसता हसता औषध गालावरून ओघळलं, आई ओरडली की आता पुन्हा घालावे लागणार.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी वही मागितली. "डेव्हिएशन लिहू," म्हणाले.

हा शब्द मी लहानपणापासून शिवीसारखा ऐकला होता. तुकडा नकाशाप्रमाणे नाही, पण काम देईल असा असेल, तर कागदावर एक एक दोष लिहून, खाली तपासनिसानं शिफारस करायची आणि वरच्या साहेबानं मंजुरी द्यायची. मग तो तुकडा दोषासकट पास. फॅक्टरीत बाबांकडे लोक अशा शिफारशीसाठी यायचे, आर्जवं करायचे. नोकरीभर त्यांनी एकही लिहिली नव्हती.

त्यांनी मला आधी पूर्ण जहाज तपासून दाखवायला लावलं. मी जुना गेम काढून नवा उतरवून घेतला होता, भांडणानंतर, गुपचूप, उगाच आशेवर. दोन तास लागले. ते खुर्चीत बसून पडद्याचा एकेक तुकडा डोळ्यांसमोर आणत होते, मला थांबवत होते आणि सांगत होते, मी लिहीत होते. एक, मागच्या दाराची कडी हाताशिवाय उघडते. दोन, वैमानिकाचा डावा बूट फरशीत रुततो. तीन, दिवा विझवल्यावरही उजेड राहतो. चार, इंजिनाचा आवाज कधी कधी नाहीसा होतो. पाच, सावली उलटी पडते. सहा, खुर्चीचा एक पाय आखूड.

"ते जहाजात नाही, बाबा," मी म्हटलं.

"आपली खुर्ची जहाजाचाच भाग आहे. लिही."

मग त्यांनी वही आणि पेन मागून घेतलं, वाकून, नाक कागदाला लावून स्वतः काहीतरी लिहिलं, सही केली आणि वही मिटून मांडीखाली ठेवली. "चलो," म्हणाले. "माघं बस."

मी त्यांच्या मागे स्टुलावर बसले. त्यांचा उजवा हात जॉयस्टिकवर ठेवला. पत्रा अगदी बरोबर उंचीवर होता. जहाज थरथरलं, वर उठलं, आणि या वेळी फरशीतून खाली पडलं नाही. तळ मागे पडला आणि पुढे नुसता काळा अंधार आणि मधोमध एक तारा आला.

"दिसून राहिलं," बाबा म्हणाले. "मधलं सगळं दिसून राहिलं. बाजूला काय आहे? अंधारच का?"

हो म्हणणं सोपं होतं. आपल्याला दिसतं तेवढंच आहे असं त्यांना वाटलं असतं आणि बरं वाटलं असतं. पण मी तपासनिसाची मुलगी आहे. म्हटलं, "नाही बाबा. डावीकडे एक ग्रह आहे. खूप मोठा. त्याला कडं आहे."

मी मनात स्वतःला शिव्या घालत होते.

"कोणत्या हाताला?" त्यांनी विचारलं.

"डाव्या. थोडा वर."

"मग जहाजच वळवतो नं," बाबा म्हणाले, आणि मनगट हळूच डावीकडे केलं. अख्खं जहाज वळलं. तारा सरकून गेला, काळोख सरकला, आणि त्या ग्रहाची कड पडद्याच्या मधोमध येऊ लागली, मग अर्धा ग्रह, मग त्याचं कडं. बाबांनी हात थांबवला.

"आला," ते म्हणाले. "पूर्ण आला." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "अगं ए, इकडं ये नं, पाह्य काय आहे!" आई हात पुसत आली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. बरंच पाहून म्हणाली, "केस कुठं आहेत?"

संध्याकाळी बाबा दिवाणावर झोपले तेव्हा मी खुर्चीवरची वही उचलली. माझ्या सहा दोषांखाली त्यांच्या अक्षरात सातवा होता. ओळ रेघेवरून घसरत गेली होती आणि शेवटची अक्षरं समासात शिरली होती.

सात, चालवणाऱ्याची नजर अरुंद. रीवर्क होत नाही. मागं बसणारी रस्ता बरोबर सांगते. पास करावं.

खाली त्यांची सही होती. तिच्या शेजारी मंजुरी देणाऱ्याची जागा त्यांनी रेघ ओढून मोकळी ठेवली होती. जहाज माझ्या नावावर आहे. मी पेन शोधलं आणि सही केली.